येडगावच्या काठावरची शिट्टी

“साहेब, बुडालेल्या माणसानं शिट्टी वाजवली, हे तुम्ही लिहून घेतलं का?”

प्रश्न विचारून झाला आणि मगच तेजस्विनीच्या लक्षात आलं, की तो फारच मोठ्यानं विचारला गेलाय. येडगाव धरणाच्या काठावर जमलेली पन्नास-साठ माणसं एकदम गप्प झाली. मागे उभ्या असलेल्या रिद्धीनं तोंडावर हात दाबला. पैज तिनंच लावली होती. “इतकी शहाणी आहेस ना, मग जा, फौजदारालाच विचार!” आणि पैज म्हटली की तेजस्विनी मागे हटत नसे. निदान नववीत आल्यापासून तरी नाही.

फौजदार घोलप सावकाश वळले.

“कोण गं तू?”

“समाधान मेकॅनिकची मुलगी. वारूळवाडीची.”

“मग बापाजवळ जाऊन उभी राहा. ही काय जत्रा आहे?”

जत्रा नव्हतीच ती. भरावाच्या कडेला नवनाथचा पांढरा पिकअप उभा होता. दार उघडं, किल्ली जागेवर, सीटवर मोबाईल. खाली पाण्याला लागून दोन चपला. नीट, शेजारी शेजारी ठेवलेल्या. देवळात जाताना काढतात तशा.

त्या चपलांपासून चार हातांवर नवनाथची आई साळुबाई बसली होती. ती रडत नव्हती. पाण्याकडे टक लावून एकच वाक्य म्हणत होती, “त्यानं पान्यात जायचं न्हाई. त्याला पान्याची भीती वाटती.”

नवनाथ टोमॅटो आणि द्राक्षांची भाडी मारायचा. तीस वर्षांचा, एकटा कमावता. काल, शनिवारी, संध्याकाळी पाचला घरातून निघाला तो परतलाच नाही. सकाळी दूधवाल्याला पिकअप दिसला. सगळ्यांनी मनातल्या मनात एकच शब्द उच्चारला होता, आणि साळुबाईसमोर तो तोंडातून काढायची कुणाची हिंमत नव्हती.

पाण्यावर एक मोटारबोट गोल गोल फिरत होती. तिच्यात दोन पाणबुडे होते आणि सुकाणूवर ज्ञानेश्वर. काठावरच्या तंबूवाल्या कॅम्पचा मालक. पुण्यातली नोकरी सोडून तीन वर्षांपूर्वी इकडे आलेला. सकाळपासून स्वतःची बोट, स्वतःचं पेट्रोल, पाणबुड्यांना चहा, सगळं तोच बघत होता. लोक म्हणत होते, देवमाणूस.

बोट गेली की पाणी काळं व्हायचं, परत हिरवं व्हायचं. आणि त्यातून काहीच वर येत नव्हतं.

तेजस्विनी बापाजवळ गेली नाही. ती गेली गेणभाऊंकडे.

गेणभाऊ पाणी उपसायच्या मोटारींवर राखणदार होते. सत्तरीच्या पुढचे, डोळ्यांत मोतीबिंदू. शिट्टीची गोष्ट त्यांनीच सांगितली होती आणि सकाळी आठपर्यंत ती अख्ख्या येडगावात फिरून तिला पाय, शेपूट, सगळं फुटलं होतं. कुणी म्हणे हडळ, कुणी म्हणे नवनाथला पाण्यानं बोलावलं.

“गेणभाऊ, मला पहिल्यापासून सांगा ना.”

“आता तू बी? पोलिसानं ईचारलं, पेपरवाल्यानं ईचारलं. समदी हसत्यात राव.”

“मी हसत नाही. किती वाजले होते?”

“दिवेलागनीची येळ. लाईट गेलती, मोटारी बंद व्हत्या. लई शांत व्हतं. मंग गाडी आली. ह्या भरावाच्या चढानं, जोरात, घुं घुं करत.”

“मग?”

“थांबली. आन् थांबली तशी खटकन बंद.”

“थोडा वेळ चालू होती, का लगेच?”

गेणभाऊंनी पांढुरके डोळे तिच्याकडे वळवले. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

“लगीच. किल्ली फिरवायला लागतो तेवढाबी दम न्हाई खाल्ला. आन् बंद झाल्यावर शिट्टी. बारीक, जनू कुनीतरी दात आवळून वाजवतंय. आधी जोरात, मंग बारीक बारीक व्हत इरून गेली.”

“शिट्टी कुठून आली? पाण्यातून?”

“न्हाई बा. गाडीतनंच. पन गाडी तर बंद व्हती!” त्यांनी कानाला हात लावला. “म्या घाबरलो, पोरी. खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तवाच भाईर आलो असतो तर...”

तेजस्विनीच्या हातावर काटा आला होता, पण हडळीमुळे नाही. शिट्टी कशाची होती ते तिला साधारण कळलं होतं. आणि जे कळलं होतं ते हडळीपेक्षा वाईट होतं.

फौजदारांच्या सांगण्यावरून समाधाननं पिकअपचं बॉनेट उघडलं होतं. ब्रेक, स्टीअरिंग, सगळं ठीक होतं. हात पुसत तो म्हणाला, “गाडीत काय दोष नाय साहेब. गुरुवारीच माझ्या गॅरेजला येऊन गेली.”

फौजदार बोटीकडे गेले तशी तेजस्विनी पुढे सरकली. मागून रिद्धी.

“पप्पा, गुरुवारी टर्बोचं काय म्हणाला होतात?”

“बेअरिंग झिजलंय म्हणालो होतो. शिट्टी घालतोय, बदलून घे. तर म्हणला, द्राक्षाचा सीझन उरकू द्या दादा.” समाधाननं मान खाली घातली. “का गं?”

“शिट्टी कधी ऐकू यायची? गाडी चालू असताना?”

“चालू असताना इंजिनच्या आवाजात कुठं ऐकू येतीय? जोरात आलेली गाडी लगेच बंद केली की ऐकू येती. पण नवनाथ तसं कधीच करायचा नाय. त्याची सवय तुला ठाऊक आहे.”

ठाऊक होतीच. वारूळवाडीच्या गॅरेजमध्ये बाबासाहेबांच्या तसबिरीखाली समाधाननं स्वतःच्या हातानं पाटी रंगवली होती : *टर्बोची गाडी थांबली की दोन मिनिटं चालू ठेवा, मगच बंद करा.* बाकीचे ड्रायव्हर पाटी वाचून हसायचे. नवनाथ पाळायचा. गाडी थांबली की इंजिन चालू ठेवून तो चुन्याची डबी काढायचा, तळहातावर तंबाखू मळायचा, चिमूट दाढेखाली गेली की मग किल्ली. ज्योत्स्ना, म्हणजे तेजस्विनीची आई, दवाखान्यात नर्स. ती त्याला म्हणायची, “नवनाथ, तुझ्या गाडीचं आयुष्य वाढतंय आणि तुझं कमी होतंय.”

“आमच्या स्कूटीला तर असलं काही करावं लागत नाही,” रिद्धी म्हणाली. तिच्या वडिलांचं, गुलाबचंदशेठचं, नारायणगावात कापडाचं दुकान होतं. इंजिनाशी तिचा संबंध स्कूटीपुरता.

“तुमची स्कूटी पेट्रोलची, माझे आई!” अशा वेळी तेजस्विनीला राहवत नसे. “पेट्रोल आणि हवा आत जाते, प्लग ठिणगी पाडतो, भडका उडतो. प्लग ओला झाला की स्कूटी रुसते, हो ना? डिझेलचं सगळंच वेगळं. तिथं आधी नुसती हवाच दाबतात. पेट्रोलच्या दुप्पट दाबतात. सायकलच्या पंपाचं बूड गरम होतं बघ, तशी ती तापते, पण इतकी, की वरून डिझेलचा फवारा आला की आपोआप पेटतो. ठिणगीची गरजच नाही.”

“आणि टर्बो?”

“गाडीचा धूर बाहेर जाताना एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावर दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त ताकद. म्हणून तर एवढासा पिकअप दीड टन टोमॅटो घेऊन घाट चढतो. पण ते चक्र मिनिटाला लाखभर फेरे घेतं. बटण बंद केल्यावर घरातला पंखा कसा फिरत राहतो? तसं इंजिन बंद झालं तरी ते फिरत राहतं. पण ऑइल देणारा पंप तर बंद पडलेला. मग ते कोरडंच फिरतं...”

“...आणि शिट्टी घालतं,” समाधाननं वाक्य पुरं केलं. तो पोरीकडे बघत राहिला. “तेजू, तुला काय म्हणायचंय?”

तिला जे म्हणायचं होतं ते तिनं गिळलं. कारण बोट काठाला लागली होती, आणि ज्ञानेश्वर उतरून साळुबाईकडे येत होता.

तो साळुबाईसमोर उकिडवा बसला. पांढरा शर्ट, गुडघ्यापर्यंत ओली पँट. आवाज मऊ.

“काकू, धीर धरा. मी काही कसर ठेवणार नाही.”

साळुबाईनं त्याचा हात घट्ट धरला. “दोन दिस झालं, जेवत नव्हता धड. म्हनायचा, आई, सांगायला पायजे, गप बसवत न्हाई. कुनाला सांगायचं, काय सांगायचं, बोलला न्हाई. तुमाला काय बोलला का, भाऊ?”

ज्ञानेश्वरनं हात हळूच सोडवून घेतला आणि तो घोलपांकडे वळला.

“साहेब, सांगू का नको असं झालंय. शुक्रवारी दुपारी फाट्यावर भेटला होता. गाडी बंद पडलेली. मी थांबलो. बघतो तर प्लग ओले झालेले. काढले, रुमालानं पुसले, लावून दिले, तेव्हा कुठे गाडी सुरू झाली. मला म्हणाला, गाडीपण थकली आणि मीपण थकलो, शेठ. तेव्हाच मला ओळखायला हवं होतं.”

गर्दीतून चुकचुकण्याचा आवाज आला. साळुबाईनं पदर तोंडात कोंबला. घोलप वहीत लिहीत होते.

तेजस्विनीनं बापाकडे पाहिलं. समाधान गुडघ्यावर बसून हत्यारं पेटीत ठेवत होता, ऐकत नव्हता. फक्त रिद्धीनं तिला कोपरानं ढोसलं आणि डोळे मोठे केले.

“तुमची गाडी कुठे आहे, काका?” तेजस्विनीनं विचारलं.

“माझी?” तो हसला. “पुण्याला. दोन आठवडे झाले सर्व्हिसिंगला टाकलीय. सध्या बोट आणि स्कूटर.”

“आणि नवनाथदादा काल तुमच्या कॅम्पवर आला नव्हता?”

“नाही. महिनाभरात त्याची गाडी माझ्या आवारात आलेली नाही.” तो घोलपांना म्हणाला, “बोटीतलं पेट्रोल संपत आलंय, कॅम्पवरून भरून आणतो,” आणि निघून गेला.

दोन आठवडे. तेजस्विनीच्या डोक्यात तो आकडा टोचत राहिला. बरोबर दोन आठवड्यांपूर्वी पहाटे, ह्याच रस्त्यावर, दुधाची किटली घेऊन चाललेल्या चिमाबाईला कुठल्याशा गाडीनं उडवलं होतं. म्हातारी जागेवर गेली. गाडी सापडली नव्हती. आणि नवनाथ रोज पहाटे त्याच रस्त्यानं टोमॅटो घेऊन मार्केटला जायचा.

“पाणबुड्यांसाठी चहाची किटली आणायचीय म्हणे कॅम्पवरून,” ती रिद्धीला म्हणाली. “आम्ही आणतो म्हणून सांग.”

“तेजू, तू मरणार आहेस.”

“चहा आणताना कोण मरतं?”

कॅम्प एक किलोमीटरवर होता. काठाकाठानं पायवाट. रंगीत तंबू, झोपाळे. लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली पाहुणेमंडळी अजून नाश्त्यावर होती. सगळं भिंतीपासून कुंड्यांपर्यंत पांढरंशुभ्र.

“परवाच चुना मारलाय, अंग लावू नका,” आचारी किटली भरता भरता म्हणाला. “काल सांजच्याला पावणं यायचं व्हतं ना.”

“जनरेटर कुठाय तुमचा?”

“त्यो काय, समोर. पेट्रोलवरचा. पावण्यांना धूर चालत न्हाई, म्हनून शेठ डिझेलचं कायच ठेवत न्हाईत. पावण्यांच्या गाड्याबी तिकडं, फाटकाबाहेर.”

रिद्धीला किटलीपाशी ठेवून तेजस्विनी मागच्या बाजूला गेली. तिथं पाण्याकडे तोंड करून बोटींचं सामान ठेवायची एक दगडी खोली होती. पत्र्याचं दार, मोठं कुलूप. खोलीपासून पाण्यापर्यंत पायऱ्या.

आणि बाजूच्या भिंतीवर, परवाच्या कोऱ्या चुन्यावर, तिच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक काळा डाग.

घागरीएवढा. मधे गडद, कडेला पसरट. जवळ उभं राहून कुणीतरी फुंकल्यासारखा. तिनं बोट फिरवलं. बोट काळं झालं. मऊ, कोरडी काजळी. बापाच्या कपड्यांतून ती रोज धुऊन काढायची ती काजळी. डिझेलच्या गाडीचा ॲक्सिलेटर उभ्या उभ्या दणादण दाबला, की सायलेन्सर हीच ओकतो.

“काय बघतेस?”

ती दचकून वळली. ज्ञानेश्वर पाच पावलांवर उभा होता. हातात पेट्रोलचा डबा. पायऱ्यांखाली त्याची बोट पाण्यावर डुलत होती.

“काही नाही. चहा न्यायला आले होते.”

“चहा पुढे मिळतो.” त्याची नजर तिच्या काळ्या बोटावर गेली. तिथेच थांबली. “तो जनरेटरचा डाग आहे.”

“हो का.”

“इकडे एकटी फिरू नकोस, बाळ.” आवाज तसाच मऊ होता. “ह्या झाडीत बिबट्या आहे. ओरडायलाही वेळ मिळत नाही.”

तेजस्विनी वळली. पुढच्या अंगणात येईपर्यंत ती चालली, आणि फाटकाबाहेर पडल्यावर जी धावली ती थेट भरावापर्यंत. मागून रिद्धी किटली सांडत, “अगं थांब! अगं झालं काय?”

काठावर पोचली तेव्हा घोलप फोनवरच होते. त्यांनी फोन खाली घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“ज्ञानेश्वरांचा फोन होता. तू त्यांच्या पाहुण्यांच्या तंबूंत डोकावतेस म्हणे.”

“साहेब, नवनाथदादा पाण्यात नाही. तो कॅम्पच्या दगडी खोलीत आहे.”

साळुबाईचं डोकं झटकन वर झालं. तिच्याजवळ बसलेली ज्योत्स्ना उठली. “तेजू!”

“मम्मी, मला बोलू दे. साहेब, फक्त दोन मिनिटं.”

घोलपांनी समाधानकडे पाहिलं. समाधान हत्यारांची पेटी ठेवून पोरीच्या शेजारी येऊन उभा राहिला. “ऐका साहेब. ती पाच वर्षांची असल्यापासून पाना हातात धरतीय.”

“बोल.”

“गेणभाऊंनी ऐकलेली शिट्टी टर्बोची होती. चढावर जोरात आलेली गाडी थांबताक्षणी बंद केली, म्हणून चक्र कोरडं फिरत राहिलं. नवनाथदादा कधीच तसं करत नाही. म्हणजे काल गाडी त्यानं आणली नाही. डिझेलची सवय नसलेल्या कुणीतरी आणली. स्कूटर बंद करावी तशी बंद केली.”

“पोरी, जीव द्यायला निघालेला माणूस टर्बोची काळजी कशाला करेल?”

गर्दीत कुणीतरी हसलं. तेजस्विनीचे कान तापले, पण ती थांबली नाही.

“बरोबर. मलाही तसंच वाटलं. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण तुमच्या वहीत ज्ञानेश्वरकाकांचं वाक्य आहे. शुक्रवारी गाडी बंद पडली, मी प्लग काढून पुसले. वाचा ना.”

घोलपांनी पान उलटलं. “आहे. मग?”

समाधानचा चेहरा बदलला. “असं म्हणला तो? ओले प्लग?” तो पिकअपकडे गेला आणि उघड्या बॉनेटवर थाप मारली. “साहेब, हे डिझेल इंजिन. ह्याला ठिणगीचा प्लगच नसतो! हीटर प्लग असतो, तो थंडीत हवा तापवायला. तो ओला होत नाय आणि रस्त्यात उभं राहून रुमालानं कुणी पुसत नाय.”

आता कुणी हसलं नाही.

“इथला कुठलाही शेतकरी असं बोलला नसता,” तेजस्विनी म्हणाली. “प्रत्येकाच्या घरी डिझेलचा ट्रॅक्टर आहे. पण काकांकडे स्कूटर पेट्रोलची, बोट पेट्रोलची, जनरेटर पेट्रोलचा, कारही पेट्रोलची. आणि हो, टर्बो आता पेट्रोलच्या कारलाही येतात, पण त्यांची जुनी आहे, तिला नाही. पप्पांनीच तिचं ऑइल बदललंय मागे. दादा निराश होता हे दाखवायला त्यांनी एक प्रसंग बनवला आणि त्यात त्यांना माहीत असलेलं इंजिन घातलं. शुक्रवारची भेट झालीच नव्हती.”

“खोटं बोलला म्हणून खोलीत माणूस आहे, असं होत नाही.”

तिनं काळं बोट पुढे केलं.

“परवा चुना मारलेली भिंत आहे. तिच्यावर सायलेन्सरच्या उंचीला डिझेलची ताजी काजळी. काकांकडे डिझेलचं काही नाही, पाहुण्यांच्या गाड्या फाटकाबाहेर. ते म्हणतात नवनाथदादाची गाडी महिनाभर आवारात आली नाही. मग कोण आलं होतं, त्या खोलीला पाठ लावून? मला विचारल्यावर म्हणाले, जनरेटरचा डाग. जनरेटर पेट्रोलचा आहे आणि दुसऱ्या टोकाला आहे.”

“पण ज्ञानेश्वर हे का करेल?”

“त्यांची कार दोन आठवडे पुण्याला का आहे?” तिनं बोट खाली घेतलं. “चिमाबाई जाऊन किती दिवस झाले, साहेब?”

साळुबाई उठून उभी राहिली होती. “सांगायला पायजे म्हनत व्हता,” ती पुटपुटली. “सांगायला पायजे...”

“तेजू!” रिद्धी किंचाळली. ती पाण्याकडे बोट दाखवत होती.

लांब, कॅम्पच्या पायऱ्यांना लागलेली बोट आता उलटी वळवून अगदी खोलीच्या दारासमोर आणलेली दिसत होती. आणि दगडी खोलीचं दार उघडं होतं.

समाधान, ज्योत्स्ना आणि साळुबाईला घेऊन घोलपांची जीप कॅम्पच्या फाटकातून आत गेली तेव्हा पाहुणे पोहे खात होते.

ज्ञानेश्वर पायरीवर होता. निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट तो ओढत आणत होता. त्यानं जीप पाहिली. ताडपत्री हातातून सुटली. तिच्यातून एक हात बाहेर पडला, आणि त्या हाताच्या तळव्यात चुन्याचे वाळलेले पांढरे डाग होते.

ज्योत्स्ना सगळ्यांच्या आधी पोचली. गुडघ्यावर बसली, मानेपाशी दोन बोटं ठेवली. पाणी पायरीला लागून चुबुक चुबुक वाजत होतं.

“नाडी आहे,” ती म्हणाली. मग ओरडली, “नाडी आहे! कुणी हलवू नका, डोक्याला मार आहे. अँब्युलन्स!”

ज्ञानेश्वर मटकन खाली बसला. “जिवंत आहे? पण काल तर... मी बघितलं होतं. श्वास नव्हता.”

“काल काय झालं?” घोलपांनी विचारलं.

“तो आला होता.”

“कशाला?”

“म्हातारीला मी उडवलं ते त्यानं पाहिलं होतं. म्हणाला, शेठ, तुम्ही स्वतः जाऊन सांगा. नाहीतर सोमवारी मी सांगणार. दोन दिवस देतो.” तो रडायला लागला. “मी ढकललं. बोट ओढायच्या लोखंडी गाड्यावर डोकं आपटलं. पाहुणे तेवढ्यात फाटकाशी आले. खोलीत टाकला आणि त्याची गाडी काढली. ती पुढे जाईना, मी ॲक्सिलेटर दाबत राहिलो, दाबत राहिलो...”

“भिंतीवर धूर ओकली,” समाधान म्हणाला.

“चपला?”

“मी ठेवल्या. काठाकाठानं चालत परत आलो. आज शोधता शोधता, त्या बाजूच्या खोल पाण्यात...” सकाळपासून सगळ्यांनी शोधलेल्या पाण्यात आज संध्याकाळी शोधणाऱ्याच्याच बोटीतून एक प्रेत जाणार होतं, आणि लोक त्यालाच देवमाणूस म्हणणार होते.

साळुबाई त्याच्याकडे बघतही नव्हती. तिनं लेकाचा तळवा गालाला लावला होता. सकाळपासून पहिल्यांदाच ती रडत होती.

मंगळवारी नवनाथ शुद्धीवर आला. आईला ओळखलं, ज्योत्स्नाला ओळखलं, पण शनिवारची संध्याकाळ त्याच्या डोक्यातून पुसली गेली होती. डॉक्टर म्हणाले, कदाचित आठवेल, कदाचित नाही. आणि ज्ञानेश्वरनं वकील केला होता. वकील म्हणत होता, घाबरून काहीबाही बोलला, बोटीवर अपघात झाला, घाबरून लपवलं, चिमाबाईशी संबंधच नाही.

बुधवारी घोलप स्वतः वारूळवाडीच्या गॅरेजवर आले. स्टुलावर बसले, चहा घेतला.

“त्याची कार आम्ही पुण्याहून ताब्यात घेतलीय. पण प्लगची गोष्ट, काजळी, शिट्टी, हे सगळं ओवून कोर्टात सांगणारं कुणीतरी लागेल. समाधान, जबाब तुझ्या नावानं घेऊ. तू मेकॅनिक आहेस, तुझ्या शब्दाला वजन आहे. पोरगी चौदा वर्षांची. तिचं नाव कशाला कागदावर?”

समाधाननं बायकोकडे पाहिलं. ज्योत्स्ना दारात उभी होती. काल संध्याकाळी एक अनोळखी जीप गॅरेजसमोर अर्धा तास थांबली होती. कुणी उतरलं नाही. काचा खाली झाल्या नाहीत. अर्ध्या तासानं गेली.

“साहेब बरोबर सांगतायत,” ज्योत्स्ना म्हणाली. “ह्यांचंच नाव लावा.”

“हो,” समाधान म्हणाला. “मीच देतो जबाब.”

“तुम्ही काय सांगणार, पप्पा?”

तेजस्विनी दुरुस्तीला आलेल्या एका पिकअपच्या मागून पुढे आली. गणवेशाच्या बाह्या दुमडलेल्या.

“गेणभाऊंना कोण बोललं? तुम्ही नाही. काका प्लगचं बोलले तेव्हा तुम्ही हत्यारं भरत होतात, तुम्ही ऐकलंच नाही. ती भिंत तुम्ही बघितली ती त्याला पकडल्यावर. वकिलानं पहिलाच प्रश्न विचारला, की तुम्ही स्वतः काय पाहिलंत, तर तुमच्याकडे उत्तर नाही. आणि मग तो सुटतो. चिमाबाईंच्या गुन्ह्यातूनही, दादाच्याही.”

“तेजू, ती जीप...” ज्योत्स्ना म्हणाली.

“मी पण बघितली, मम्मी. मला पण भीती वाटली. रात्री झोप नाही आली.” तिनं घोलपांच्या हातातला कोरा कागद घेतला, बापाच्या बाकावर ठेवला आणि त्याच्यासमोर बसली. “पण मी ठरवलंय. जबाब मी देणार, माझ्या नावानं, पूर्ण नावानं. तारीख पडेल तेव्हा उभी पण मीच राहणार. तुम्ही दोघांनी फक्त माझ्या मागच्या बाकावर बसायचं, मला वळून बघितलं की दिसाल असं.”

आणि ती घोलपांना म्हणाली, “लिहा साहेब.”